हँगरचा डबा

पावसाळ्यात सोमवारी सकाळी दुकान उघडायला गेलो की शटरपाशी एक-दोन सायकली हमखास टेकवून ठेवलेल्या असतात. रविवारी सिंहगडाच्या मागच्या अंगाला नाहीतर पानशेतच्या पुढे चिखलात जाऊन आलेल्या. गेल्या पावसाळ्यात अशाच एका सोमवारी इंजिनिअरिंगला असलेला एक मुलगा पायरीवर बसून होता. सायकल बाजूला आडवी, आणि हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत मागचा डिरेलर, म्हणजे चेनला एका चक्रावरून दुसऱ्या चक्रावर नेणारा भाग.

"काका, काठी अडकली हो. कडकन आवाज आला आणि सगळं चाकातच गेलं."

मी डिरेलर उजेडात धरून पाहिला. पिंजरा सरळ होता, त्यातली दोन्ही छोटी चाकं फिरत होती. मागच्या चाकाच्या तीन तारा तुटल्या होत्या आणि चेनला पीळ पडला होता. फ्रेमवर बोट फिरवलं, कुठे चीर लागली नाही. मग डिरेलर जिथे बसतो तिथला बोटाच्या दोन पेरांएवढा ॲल्युमिनियमचा तुकडा पाहिला. भोकापाशी त्याचे सरळ दोन भाग झाले होते.

"वाचलास," मी म्हणालो.

त्याला ते पटलं नाही. त्याच्या लेखी सायकल मोडली होती. माझ्या लेखी फक्त हँगर मोडला होता आणि हँगर असतोच त्यासाठी. फ्रेम आणि डिरेलर यांच्या मध्ये तो मुद्दाम मऊ धातूचा ठेवलेला असतो. दगड लागला, काठी अडकली, सायकल उजव्या अंगावर पडली, की आधी तो वाकतो आणि जोर फारच असला तर मोडतो. काही शे रुपयांचा तुकडा जातो आणि काही हजारांचा डिरेलर, त्याहून महाग फ्रेम शाबूत राहते. माउंटन बाइकमध्ये मला सर्वांत जास्त आवडणारा भाग कुठला, असं कुणी विचारलं तर मी हाच सांगतो. लोक सस्पेन्शनचं नाव ऐकायच्या तयारीत असतात.

माझ्याकडे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात साठ-सत्तर हँगर आहेत, प्रत्येकाला तांब्याच्या तारेने बांधलेली चिठ्ठी, चिठ्ठीवर कंपनीचं नाव आणि फ्रेमचं साल. वरवर पाहिलं तर सगळे एकसारखे. पण एकाचं भोक दोन मिलिमीटर खाली, दुसऱ्याचा स्क्रू आतल्या बाजूने, तिसऱ्याची कड गोल. एकाचा दुसऱ्याला चालत नाही. एकाच कंपनीच्या लागोपाठच्या दोन सालांच्या सायकलींचेही चालत नाहीत. त्या सोमवारी मी डबा काउंटरवर पालथा केला, एकेक हँगर मोडक्या तुकड्यांशेजारी ठेवून पाहिला. त्या मुलाचा हँगर त्यात नव्हता. आणि ती फ्रेम बनवणारी परदेशी कंपनीही आता चालू नव्हती.

वडिलांकडेही असाच डबा होता. त्यात कॉटर पिना असत. पेठेतलं त्यांचं दुकान, तासावर भाड्याने द्यायच्या पंधरा काळ्या सायकली, पंक्चर पाहायला पाण्याचं घमेलं, भिंतीला टांगलेली टायरं. पुणं तेव्हा सायकलींचं शहर होतं आणि ओव्हरहॉलिंगला अर्धं गाव 'ओव्हरऑइलिंग' म्हणायचं. काळ्या सायकलीचं गणित मला शाळेतल्या पाढ्यांच्या आधी पाठ झालं. पुढच्या चाकाला ३२ तारा, मागच्याला ४०. पुढच्या हबमध्ये एका बाजूला दहा छर्रे, मागच्यात नऊ, पण जाडे. पायडलच्या ॲक्सलला एका कपात अकरा. ग्रीसमध्ये छर्रे बसवताना वडील मोठ्याने मोजत, आणि मोजताना कुणी बोललेलं त्यांना चालत नसे.

क्रँक ॲक्सलवर घट्ट धरून ठेवते ती कॉटर पिन. एका बाजूला तिरपी सपाट केलेली, दुसऱ्या टोकाला आटे. वडील प्रत्येक पिन कानशीने घासून त्या सायकलीच्या मापाची करत, उजेडाकडे धरून फट पाहत आणि मगच हातोडीने बसवत. पिन मऊ लोखंडाची, ॲक्सल कडक पाणी दिलेला. मी एकदा विचारलं, पिनही कडक का करत नाहीत? ते म्हणाले, "पिन खाल्ली तर आठ आण्यांचं काम. ॲक्सल खाल्ला तर गिऱ्हाईक पायी घरी जातं." ती पिन भोरला मिळायची, महाडला मिळायची, बाजारच्या दिवशी गोणपाटावर सामान मांडून बसणाऱ्याकडेही मिळायची. सायकल कुठल्याही कंपनीची असो.

माउंटन बाइक हा शब्द आमच्याकडे पोचला नव्वदच्या दशकात, हर्क्युलिस एमटीबी आणि हीरो रेंजरबरोबर. जाड टायर, सरळ हँडल, आणि आत बहुतेक सगळं काळ्या सायकलीचंच. वडिलांना त्यात काही नवं शिकावं लागलं नाही. खरी माउंटन बाइक कुठून आली हे मला फार उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा फार आनंद झाला, कारण तिची सुरुवात ग्रीसपासून आहे. कॅलिफोर्नियात मरिन काउंटी म्हणून भाग आहे, तिथल्या माउंट टॅमच्या परिसरात काही तरुण जुन्या, जड, फुग्यासारख्या टायरांच्या सायकली डोंगरावरून पळवायचे. १९७६ पासून त्यांनी एका उतारावर शर्यती भरवायला सुरुवात केली. साधारण साडेतीन किलोमीटरांत ४०० मीटर उतार. ब्रेक मागच्या हबमध्ये, पायडल उलटं दाबलं की लागणारा. एका उतरणीत हब एवढा तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर यायचा आणि खाली पोचल्यावर हब उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. म्हणून शर्यतीचं नाव पडलं 'रिपॅक', पुन्हा भरणे. त्यातल्याच जो ब्रीझने १९७७ मध्ये या कामासाठी मुद्दाम नवी फ्रेम बांधली. १९८१ मध्ये स्पेशलाइज्डची स्टम्पजंपर दुकानांत आली, आणि १९८२ मध्ये जपानच्या शिमानोने डिओरे एक्सटी हा डोंगरासाठीच बनवलेल्या भागांचा पहिला संच काढला. शिमानो १९२१ मध्ये साकाई या चाकू-सुऱ्यांसाठी नावाजलेल्या गावात सुरू झाली, आणि तिची पहिली वस्तू होती फ्रीव्हील. वडील खोलून छर्रे मोजायचे तेच.

माझ्या दुकानात पहिली परदेशी हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक, आली तेव्हा मी तिशीच्या आत होतो. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक मी तोवर फक्त मोटारसायकलवर पाहिलेले. एका ब्रेकचं तेल कमी झालं होतं, मी मोटारसायकलच्या सवयीने डॉट फ्लुइड भरलं. तो ब्रेक मिनरल ऑइलवर चालणारा होता. दोन आठवड्यांत आतले रबरी सील फुगले आणि लिव्हर परत येईना. दोन्ही ब्रेक नवे आणून दिले, माझ्या पैशाने, आणि गिऱ्हाइकाला सगळं खरं सांगितलं. तो माणूस आजही माझ्याकडेच येतो. त्या दिवसापासून दोन तेलांच्या बाटल्या मी दुकानाच्या दोन टोकांना ठेवतो, आणि सिरिंजही वेगवेगळ्या.

नवं ते सगळं वाईट, असं मी कधीच म्हणणार नाही. चिखलाने माखलेल्या रिमवर रबरी ब्रेक घासत ताम्हिणीचा घाट उतरलेल्या माणसाला डिस्क ब्रेकचं मोल विचारा. २०१२ मध्ये स्रॅम कंपनीने पुढची दोन-तीन चक्रं काढून एकच ठेवलं आणि मागे अकरा दिली, तेव्हा माझ्या कामातला पुढच्या डिरेलरचा त्रास जवळजवळ संपला. डिरेलरमध्ये क्लच आल्यापासून दगडांवर चेन आपटणं आणि उतरणं थांबलं. २९ इंची चाक खडकावरून २६ पेक्षा सहज जातं, हे आपल्या बेसॉल्टवर एकदा चालवून पाहिलं की कुणालाही कळेल. ट्यूबलेस टायरने तर बाभळीच्या काट्यांची भीतीच काढून टाकली. या सगळ्यामागे कुणीतरी डोंगरावर जाऊन, पडून, धडपडून केलेला विचार आहे आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

माझं दुखणं वेगळं आहे. मागच्या ॲक्सलची रुंदी १३५ मिलिमीटर होती. ती १४२ झाली, थ्रू ॲक्सलसाठी, ते समजू शकतो. मग दहा वर्षांच्या आत १४८ आली, मग काही फ्रेमना १५७. दर वेळी हब नवा, बऱ्याचदा चाकच नवं. हँडलची नळी सरळ होती ती खाली रुंद झाली, म्हणजे जुन्या फ्रेमला नवा फोर्क बसेना. पायडलच्या ॲक्सलचे बेअरिंग आट्यांनी बसत, उजवा कप उलट्या आट्याचा, हे तर माझ्या हातांना झोपेतही कळतं. ते सोडून कंपन्यांनी कप फ्रेममध्ये नुसते दाबून बसवायला सुरुवात केली. पावसाळा संपता संपता त्या सायकली कुरकुरत माझ्याकडे यायच्या. काढा, पुसा, दाबा, महिन्याने पुन्हा. आणि बऱ्याच वर्षांनी त्यांतल्या अनेक कंपन्या पुन्हा आट्यांकडे वळल्या. मधल्या काळात विकलेल्या फ्रेमचं काय करायचं, हे त्या फ्रेमच्या मालकाने आणि माझ्यासारख्या मेकॅनिकने मिळून पाहायचं.

एक डॉक्टर आहेत. त्यांच्याकडे २६ इंची चाकांची ॲल्युमिनियमची फ्रेम आहे, जोड अजून इतके सुंदर की मी नवीन पोरांना वेल्डिंग कसं असावं ते दाखवायला तिच्यापाशी नेतो. तिचा फोर्क घासला. तिला बसेल असा चांगला नवा फोर्क मला कुठेच मिळाला नाही. हँगरही मिळत नाही. फ्रेममध्ये काडीचाही दोष नाही. डॉक्टर दर वर्षी विचारतात, "काही लागलं का हाताला?" आणि मी दर वर्षी नाही म्हणतो. असं सांगताना मला वाईट वाटतं. डॉक्टरांच्या धंद्यात तर ते रोज असेल, पण सायकलीच्या बाबतीत तसं असायचं कारण नाही.

म्हणून २०१९ मध्ये स्रॅमने सगळ्यांसाठी एकच हँगर काढला, यूडीएच, आणि इतर कंपन्यांना त्यानुसार फ्रेम बनवायची मुभा दिली, तेव्हा मी खूश झालो होतो. वडिलांच्या काळात कॉटर पिनचं जे होतं ते पुन्हा होऊ घातलं होतं. कुठेही जा, एकच तुकडा. पुढे २०२३ मध्ये त्याच कंपनीने त्याच जागेवर हँगरशिवाय थेट फ्रेमवर बसणारा डिरेलर आणला. यूडीएच त्या वाटेवरचं पहिलं पाऊल होतं, हे तेव्हा लक्षात आलं. तो डिरेलर दणकट आहे, माझ्याकडे आलेल्यांपैकी एकही वाकलेला पाहिला नाही, आणि त्याचे बाहेरचे भाग वेगळे बदलता येतात. पण तो ज्यांना परवडतो त्यांचा आहे. तीस हजारांच्या हार्डटेलवर डोंगर शिकणाऱ्या पोराला त्याचा उपयोग नाही. यूडीएचची मात्र त्यालाच गरज आहे, आणि तो स्वस्त सायकलींपर्यंत अजून पुरता उतरलेला नाही.

करोनाच्या वर्षी धंद्याने जे पाहिलं ते मी पुन्हा पाहणार नाही. २०२० च्या जूनमध्ये टाळेबंदी सैल झाली आणि दुकानासमोर रांग लागली. माळ्यावरून काढलेल्या, गच्चीवर वाळलेल्या, पार्किंगमध्ये कुलपासकट गंजलेल्या सायकली. आजोबा नातवाची घेऊन आलेले, मुली वडिलांची. त्याच महिन्यात, ३ जूनला, जागतिक सायकल दिनाच्या दिवशी, ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला. १९५१ मध्ये सोनिपतला सुरू झालेली कंपनी. वडिलांच्या भाड्याच्या सायकलींत ॲटलास होत्या. लोक सायकल शोधत फिरत असताना सायकलीचा कारखाना बंद व्हावा, याचा मला तेव्हा काही केल्या मेळ लागेना.

मग माल संपला. आठ स्पीडची साधी चेन मिळेना. सगळीकडची मागणी एकदम वाढलेली आणि भाग बनवणारे मोजके. डिरेलर, कॅसेट म्हणजे मागच्या चक्रांचा संच, ब्रेक जपान, तैवान, मलेशिया अशा थोड्याच ठिकाणी होतात. २०२१ च्या जूनमध्ये मलेशियात कडक टाळेबंदी लागली आणि शिमानोचा तिथला कारखाना अडकला. वितरक म्हणायचे, एक वर्ष लागेल. दहा हवे असतील तर दुकानदार पन्नासची ऑर्डर टाकू लागला, म्हणजे निदान दहा तरी मिळतील. मीही तेच केलं. चाळीस कॅसेट तीन ठिकाणी सांगून ठेवल्या. जगभर प्रत्येक दुकानाने, प्रत्येक वितरकाने, प्रत्येक सायकल कंपनीने हेच केलं, आणि कारखान्यांना वाटलं की जग आता कायमचं सायकलवर बसलं. २०२२ मध्ये माझ्या तिन्ही ठिकाणच्या कॅसेट एकाच महिन्यात आल्या. तोवर रांग केव्हाच ओसरली होती. शिमानोची वर्षाची विक्री २०२२ मध्ये सुमारे ६२९ अब्ज येन होती, पुढच्या वर्षी ती ४७४ वर आली. माझ्या फळीवर त्या कॅसेटमधल्या काही अजून आहेत.

त्यानंतर एकेक नावं पडायला लागली. आपल्याकडचे हौशी लोक सुटे भाग ज्यांच्याकडून टपालाने मागवत ती चेन रिअॅक्शन सायकल्स, उत्तर आयर्लंडमधल्या एका छोट्या दुकानातून मोठी झालेली, विगलबरोबर २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. कॅनडाच्या रॉकी माउंटन या सायकल कंपनीला २०२४ अखेरीस देणेकऱ्यांपासून संरक्षण मागावं लागलं. जीटी कंपनीने नवीन सायकली काढणं थांबवलं. बातम्यांत हे आकड्यांत येतं. माझ्याकडे ते हँगरमधून येतं. कंपनी डळमळली की सगळ्यात आधी हँगर मिळेनासे होतात, कारण त्यांत नफा नाही आणि ते प्रत्येक फ्रेमचे वेगळे. फ्रेम पंधरा वर्षं टिकते, कंपनी टिकत नाही, आणि मधला तो काही शे रुपयांचा तुकडा नसेल तर सायकल भिंतीला टांगली जाते. जीएसटी २०२५ च्या सप्टेंबरपासून बारावरून पाच टक्क्यांवर आला, ते चांगलंच झालं, नवी सायकल घेणाऱ्याला हायसं वाटलं. पण आधीच घरात असलेली सायकल चालू राहणं हाही धंदाच आहे, आणि तो कुणाच्या हिशोबात धरलेला मला दिसत नाही.

त्या मुलाचे दोन तुकडे खिशात घालून मी भोसरीला गेलो. एमआयडीसीत माझ्या ओळखीचे एक जण जॉबवर्क करतात, गाड्यांच्या कंपन्यांना ब्रॅकेट पुरवतात. त्यांनी तुकडे जुळवून टेबलावर ठेवले, व्हर्निअर लावला, कागदावर मापं लिहीत गेले. आट्याचं माप मी सांगितलं, १० मिलिमीटर, एकचा पिच. ते म्हणाले, "भाऊ, एवढंसं पान ॲल्युमिनियमचं कशाला? स्टीलचं देतो. आयुष्यात मोडणार नाही."

मी म्हणालो, "मोडलं पाहिजे."

त्यांनी मान वर केली. मी सांगितलं की हा टिकला तर डिरेलर जातो, डिरेलर टिकला तर फ्रेम जाते. त्यांनी एका मशीनकडे बोट केलं. "म्हणजे आमची शिअर पिन. ती मोडते म्हणून गिअरबॉक्स वाचतो." मग पुढे काही समजवावं लागलं नाही. उलट त्यांनीच विचारलं की भोकाच्या कडेला जाडी मुळात किती होती, कारण मोडायचा तो तिथेच मोडला पाहिजे, स्क्रूपाशी नको. वडील असते तर त्यांना हा माणूस आवडला असता.

एका नगासाठी मशीन लावणं परवडत नाही, दहा घ्या, असं ठरलं. ६०६१ ॲल्युमिनियमचे दहा हँगर शनिवारी मिळाले, कडा अजून धारदार. कडा मी कानशीने मारल्या.

मुलगा संध्याकाळी आला तेव्हा तारा भरून झाल्या होत्या. हँगर बसवला, त्याच्या आट्यात गेजचा दांडा फिरवला. दांड्याचं टोक रिमपासून किती लांब आहे ते वर, खाली, पुढे, मागे असं चारही बाजूंना पाहायचं. खालच्या बाजूला तीन मिलिमीटर जास्त होतं. मागे बारा चक्रं असतात तेव्हा दोन चक्रांमधलं अंतर चार मिलिमीटरही नसतं, त्यामुळे हँगर जरा वाकडा असला तरी गिअर भलतीकडे जातो. दांडा धरून हळू जोर दिला. ॲल्युमिनियम जरासं ऐकतं, ते हाताला कळतं. पुन्हा फिरवून पाहिला, चारही बाजू सारख्या आल्या. डिरेलर लावला, चेन घातली आणि स्टँडवर बाराही गिअर वर-खाली नेले. एकेक टिक ऐकू येत होती. मुलगा वाकून ऐकत होता.

पैसे देताना तो म्हणाला, "काका, यातला अजून एक द्याल?"

दिला. त्याने तो इन्सुलेशन टेपने सीटखालच्या पिशवीत आतून चिकटवला, छोट्या ॲलन कीसकट. उरलेल्या आठांना मी तांब्याची तार बांधली आणि चिठ्ठीवर कंपनीचं नाव आणि फ्रेमचं साल लिहिलं.